स्वारीचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी फोमवाल्याने नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. पहिली चार पानं गिऱ्हाइकांच्या मापांत गेली. आजपासून माझं स्वतःचं लिहिणार, कारण वर्कशॉपमध्ये बोलण्यासारखा माणूस राहिलेला नाही. म्हणजे माणूस आहे, पण तो माझा नवरा आहे. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून गेले पाच महिने स्वारी रोज साडेनऊला येते, दाराजवळच्या खुर्चीत बसते आणि जे काम तिने एकोणतीस वर्षांत ढुंकून पाहिलं नाही, ते मला शिकवते. मी मोटरसायकलच्या सीट बनवते. माझ्या वडिलांचं हे वर्कशॉप, त्यांच्या हाताखाली मी शिकले. स्वारी विमा कचेरीत टेबलाशी बसली.

स्वारी हे नाव मीच ठेवलं. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत हा माणूस मला माहेरी सोडून मोटरसायकलवर नऊ दिवस गायब झाला. आईने विचारलं, जावई कुठे? मी म्हटलं, स्वारी स्वारीवर गेली. तेव्हापासून तेच. नोकरी कारकुनाची आणि मिजास सेनापतीची, त्यामुळे नाव शोभतंही.

आज कप्तान आले होते. कप्तान म्हणजे दातांचे डॉक्टर. दर वर्षी पन्नाशी उलटलेल्या चार-पाच बाप्यांना घेऊन मोटरसायकलवर कुठेतरी लांब जातात आणि आल्यावर वर्षभर त्याचंच चऱ्हाट लावतात. या वेळी बारा दिवस, सव्वीसशे किलोमीटर, २२ तारखेला निघायचं. स्वारीने लगेच मान डोलावली. पाठीत दोन स्क्रू आहेत, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पाऊण तासाच्या वर एका जागी बसायचं नाही म्हणून बजावलंय, तरी मान डोलावली. मी हे बोलून दाखवलं तर कप्तान म्हणतात, वहिनी, सगळा खेळ सीटचा आहे, तुम्ही मनावर घ्या. म्हणजे यांच्या कण्याची जबाबदारीसुद्धा माझ्याच शिलाई मशीनवर.

कप्तान गेल्यावर स्वारी म्हणाली, "या वर्षी नाही गेलो तर पुन्हा गाडीवर बसणं नाही. मला माहितीये." मी म्हटलं, मग गाडी विकून टाका, पार्किंगची जागा मोकळी होईल.

सीट करून देणार आहे. नाही गेली तर ही खुर्ची कायमची भरली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तीन गिऱ्हाइकं, तिन्ही अंगठेबहाद्दर. दुकानात आले की सीटवर अंगठा दाबतात आणि म्हणतात, वा, मऊ आहे. अरे, तू अंगठ्यावर बसून जाणार आहेस का? मऊ फोमवर पहिले वीस किलोमीटर लोण्यासारखे जातात. शंभरावर फोम पार दबून गेलेला असतो आणि हाडं खालच्या पत्र्याशी बोलायला लागतात. लांब जायचं तर सीट घट्ट हवी, हाडांखाली आधार हवा, मांडीला कड लागायला नको. हे मी गेली तीस वर्षं सांगते आहे. ऐकतात, मान हलवतात आणि पुन्हा अंगठा दाबतात.

म्हणून मी कुणाचं ऐकत नाही. गिऱ्हाइकाला स्टुलावर खोक्याचा जाड पुठ्ठा ठेवून दहा मिनिटं बसवते. उठला की बुडाच्या दोन हाडांचे दोन खळगे पुठ्ठ्यावर उमटलेले असतात. त्यांना खडूने गोल केला की माणूस कळला. तो कसा बसतो, कुठे भार टाकतो, किती खोटं सांगतो, सगळं तिथे असतं. परवा एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, मी दिवसाला पाचशे किलोमीटर जातो. पुठ्ठा पाहून मी तोंडावर सांगितलं, तुम्ही दीडशेच्या वर कधी गेलेला नाही, उगाच थापा मारू नका. रागावून गेले. दुसऱ्या दिवशी आले आणि सीट सांगून गेले. मला गोड बोलता येत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

सीट तयार झाली की ती मशीनपुढच्या लाकडी घोडीवर चढवते आणि पूर्ण दिवस तिच्यावर बसून शिवणकाम करते. संध्याकाळपर्यंत मला काही टोचलं नाही तरच सीट बाहेर जाते.

आज स्वारी स्वतःच पुठ्ठा हातात घेऊन उभी राहिली. मला हसू आलं. ज्या बुडाने एकोणतीस वर्षं माझ्या सोफ्याचे स्प्रिंग वाकवले त्याचं माप काय घ्यायचं? मला झोपेतही पाठ आहे. पुठ्ठा काढून घेतला आणि म्हटलं, वाया घालवू नका, खोक्यांचा दुष्काळ आहे. स्वारी म्हणाली, पण ऑपरेशननंतर... मी म्हटलं, ऑपरेशन पाठीचं झालंय. स्वारी जाऊन खुर्चीत बसली.

१० फेब्रुवारी, सोमवार

कप्तानांच्या मंडळाची बैठक, आणि ती माझ्या वर्कशॉपमध्ये! पाच बाप्ये, पाच मोटरसायकली, एकानेही गाडी नीट लावली नाही. शेवटी मीच एकेक काढून गल्लीत रांगेत उभ्या केल्या.

सोबत काय काय घेणार याची यादी वाचून दाखवली गेली. एकाने मेंढीचं कातडं घेतलंय सीटवर टाकायला. एकाने हवा भरायची गादी. एकाने जेलचं काहीतरी, जे उन्हात तापून त्याचं बूड भाजणार आहे, पण हे मी सांगितलं नाही, अनुभवातून शिकू दे. सगळ्यात पुढे कप्तान: मानेला पट्टा, कमरेला पट्टा, गुडघ्याला पट्टे. एवढं बांधून घ्यायचं तर टपालाने का जात नाहीत?

शेवटी राहवलं नाही, सांगितलं. जाड शिवणीची पँट घालू नका, तीच शिवण आधी रक्त काढते. हँडल मुठीत आवळू नका, बोटं बधिर होतात. तहान लागायच्या आधी पाणी प्या. दुखायला लागल्यावर थांबायचं नसतं, दुखायच्या आधी थांबायचं असतं, तासाला एकदा, खाली उतरून चालायचं. कानात बोळे घाला, वारा माणसाला आवाजानेच दमवतो. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं, शाळेतल्यासारखं. स्वारीने लिहिलं नाही. ती खिडकीला टेकून उभी होती. बैठकीचा पूर्ण दीड तास उभी होती. कप्तानांनी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, बसूनच तर जायचंय पुढे. सगळे हसले. याला हे लोक विनोद म्हणतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोम कापला. खाली घट्ट थर, मध्ये त्याहून जरा नरम, वर बोटभर जाडीचा. पुढचा उतार काढून टाकला, म्हणजे माणूस टाकीवर घसरत नाही. मागे माकडहाडासाठी खाच ठेवली. मापाशिवाय, नुसत्या अंदाजाने कापला आणि हात कुठे अडखळला नाही. वडील असते तर त्यांनी मान डोलावली असती.

स्वारी विचारत होती, हे रुंद नाही का वाटत? मी फोम कापत राहिले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल आणि आज दोन दिवस त्या सीटवर बसून शिवलं. एक दिवस पुरतो, पण कण्याचा मामला आहे म्हणून दुसरा दिवस घेतला. थोडं इथे घासलं, थोडं तिथे भरलं, हाडांचे दोन खळगे नीट बसवले. आज संध्याकाळी सहाला उठले तेव्हा आपण बसलो होतो हेच आठवेना. इतकी चांगली सीट मी आजवर कुणाला केलेली नाही. आणि ती कुणाच्या नशिबी जाते आहे, तर ज्याला दोऱ्यातला आणि सुतळीतला फरक कळत नाही त्याच्या.

मुलीचा फोन आला होता. म्हणे, आई, तू बाबांना जाऊ कशी देतेस? मी म्हटलं, तुझे बाबा माझं कधी ऐकतात? ती म्हणाली, मागच्या वेळी व्हिडिओवर ते किती वाळलेले दिसले. मी म्हटलं, तुझ्या फोनमध्ये सगळेच वाळलेले दिसतात. पँटचा पट्टा पार शेवटच्या भोकापर्यंत ओढून, वर ती दोरीने बांधतात हे खरं, पण तो शुद्ध आळस आहे. नवा पट्टा आणायला बाजारात कोण जाणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सीट गाडीवर चढवली. स्वारी बसली, हलली, पुन्हा बसली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. मी वाट पाहत होते. म्हणाली, "बरी आहे."

बरी! दोन दिवस बसून काढले आणि हा शेरा. मी विचारलं, बरी म्हणजे? तर म्हणे, मऊ-कडकचा प्रश्न नाही, जागा कुठेतरी चुकतेय, मी तिच्यात सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय? सीट आहे की जत्रा? मी तासभर ऐकवलं. तीस वर्षांत एक सीट परत आली नाही, आणि ज्याने आयुष्यभर कारखान्यातून आलेल्या फळीवर बसून बढाया मारल्या तो मला जागा शिकवतो. स्वारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सवय होईल, दोष माझ्यातच असेल.

इतक्या लवकर माघार घेते हल्ली, भांडायलाही मजा येत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गेले एकदाचे. सकाळी सहाला गल्लीत पाच इंजिनांचा कालवा, शेजारच्या खिडक्या उघडल्या, कप्तानांनी युद्धावर निघाल्यासारखा हात वर केला. स्वारीचा पाय सीटवरून पलीकडे जाईना. दोनदा उचलला, दोनदा खाली. शेवटी कप्तानांनी गाडी तिरकी धरली आणि खांदा दिला. मी दारातून म्हटलं, शिडी आणू का? सगळे हसले. स्वारीही हसली, पण हेल्मेटची काच आधी खाली केली.

आज खुर्ची रिकामी. काम दुप्पट झालं. दिवसभर कुणी काही शिकवलं नाही. चार वाजता चहा सवयीने दोन कप टाकला आणि एक ओतून दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल स्वारीचा फोन आला होता. तीनशे दहा किलोमीटर झाले म्हणे, सगळं उत्तम. सीट? सीट एकदम झकास. मी म्हटलं, आता कळलं ना. हो, कळलं, म्हणाली. मागे कुणीतरी विचारत होतं, पाणी गरम करून आणू का. म्हटलं, गरम पाणी कशाला? तर म्हणे, कप्तानांचे गुडघे. बघा, पट्टे बांधूनही ही गत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दारात टेम्पो थांबला. मागे गाडी दोऱ्यांनी बांधलेली, आणि गाडीशेजारी पसरलेल्या गोधडीवर स्वारी पालथी झोपलेली. टेम्पोवाला म्हणाला, काकांना पुढे बसता येईना, म्हणून मागे आणलं. दोघांनी धरून आत नेलं. मी एवढंच म्हणाले, बारा दिवसांचे तीन झाले, पुढच्या वेळी गल्लीच्या टोकापर्यंतच जा. बाकी राग आतल्या आत गिळला.

विचारलं, सीटने दगा दिला? तर मान हलवली, नाही.

मग ऑपरेशनला सहा महिने व्हायच्या आत तीनशे किलोमीटरचा पराक्रम करायला कुणी सांगितलं होतं?

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज कप्तानांचा फोन आला, वाटेतून. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाले, वहिनी, सांगू की नको असं झालंय. पहिल्या दिवशी शेवटचे नव्वद किलोमीटर तो पाय ठेवायच्या पावठ्यांवर उभा राहून आला. गरम पाणी त्याच्यासाठीच होतं. दुसऱ्या दिवशी टाकीवर आडवा पडून चालवत होता, आम्ही थांबवलं. मी त्याच्या सीटवर बसून पाहिलं, ती त्याला फार रुंद पडते, हाडं खळग्यांत येतच नाहीत. हे बोललो तर माझ्यावर उसळला. म्हणाला, "सीटला बोल लावायचा नाही. माझ्या बायकोने केलीय ती."

मी फोन ठेवला. म्हटलं, दातांच्या डॉक्टरला काय कळतं. पुठ्ठा घेतला आणि स्टुलावर ठेवून स्वतः बसले, दहा मिनिटं घड्याळ लावून. माझे दोन खळगे कापून घेतले आणि बाहेर जाऊन गाडीच्या सीटवर ठेवले. बरोबर बसले. बोटभरही इकडेतिकडे नाही. ज्या सीटवर मी दोन दिवस बसले, घासली, भरली, ती माझी झाली होती. तीस वर्षांत कुणाची सीट अशी माझी झाली नाही, कारण प्रत्येकाचा पुठ्ठा समोर असायचा. खडूच्या दोन गोलांपलीकडे मला हात लावता येत नसे. या एकाच माणसाचा पुठ्ठा नव्हता. तो घेऊन उभा होता आणि मी काढून घेतला.

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. शिकाऊ पोरीनेसुद्धा केली नसती अशी चूक.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माप घेतलं.

मी स्टूल आणलं, पुठ्ठा ठेवला आणि यांना म्हटलं, बसा. हे म्हणाले, आता कशाला? मी म्हटलं, बसा हो दहा मिनिटं. बसले. मी घड्याळ पाहायच्या मिषाने समोर उभी राहिले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा यांच्याकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती, आत दोन बोटं गेली असती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकलेलं. बसताना डावा हात स्टुलाच्या कडेला रोवलेला, सगळं अंग त्याच्यावर तोललेलं. दहा मिनिटं म्हटलं होतं. सहाव्या मिनिटाला कपाळावर घाम आला. मीच म्हटलं, झाली दहा.

पुठ्ठ्यावर डावीकडे खोल खळगा, अगदी कागद फाटलेला. उजवीकडे काहीच नाही. मी पुठ्ठा उजेडात धरला, तिरका धरला, बोट फिरवलं. उजवीकडे नुसतं हलकं दबलेलं, एखाद्या लहान मुलाने हात ठेवावा इतकं. असे दोन पुठ्ठे मी आजवर पाहिलेत. दोघांनाही सांगितलं होतं, फोम हाड सरळ करत नाही, गाडी सोडा. एकाने मला शिव्या घातल्या होत्या आणि मी त्या परत केल्या होत्या.

हे माझ्याकडे पाहत होते. विचारलं, "होईल का काही?"

मी खडूने दोन्हीकडे गोल काढले. उजवीकडचा कशाभोवती काढला मला माहीत नाही. म्हटलं, होईल हो, न व्हायला काय झालं. चूक माझी होती, मी माप घेतलं नाही. आता व्यवस्थित करते. उजवीकडे जरा उचलून घेऊ, वरचा थर बदलू. तुम्ही काळजी करू नका, व्यायाम करा, नीट जेवा, पुढच्या वर्षी आरामात जाल. चहा टाकू का?

यांनी पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, पाहिला आणि पालथा करून मांडीवर ठेवला.

"संपलं ना?" म्हणाले.

मी म्हटलं, असं कुठे म्हटलं मी?

"एकोणतीस वर्षांत तू माझ्याशी इतकं गोड कधी बोलली नाहीस," हे म्हणाले. "आता खरं सांग. गिऱ्हाइकाला सांगतेस तसं."

मला सांगता येईना. हे थांबले, घाई केली नाही. मग मी सांगितलं. उजवी बाजू टेकतच नाही. सीट कुणीही करो, लांब जायचं संपलं. गल्लीत फिरवा, पेट्रोल पंपापर्यंत जा, त्यापुढे नाही. आणि पुन्हा त्या दातवाल्याच्या नादी लागलात तर गाडीची चावी मी गटारात टाकीन.

"हं," हे म्हणाले. "हे बरं."

चेहरा जरा सैल झाला. डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. मी काय करावं कळेना म्हणून खडूचे हात एप्रनला पुसत राहिले. मग त्यांनी उठायला स्टुलाची कड धरली आणि उठता येईना. मी पुढे होऊन काखेत हात घातला आणि उभं केलं. केवढासा भार होता. ऑपरेशन झाल्यापासून रोज हे माझ्यासमोर खुर्चीतून उठत होते, आणि कसे उठतात ते मी एकदाही वर मान करून पाहिलं नव्हतं.